चोराची फक्त पाठच का दिसते? हुकलेल्या फोटोंचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

आजचा विषय तुमच्या दारावरच बसलाय. मोबाइलवर नोटिफिकेशन येतं, 'हालचाल आढळली'. आपण घाईघाईने ॲप उघडतो आणि फोटोत काय, तर रिकामा जिना. फार तर एक टाच आणि पिशवीचा कोपरा. ज्या रात्री खरंच कुणीतरी सायकल उचलून नेली त्या रात्रीचा फोटोच नाही, आणि मांजराचे मात्र ढीगभर. आपण म्हणतो, कॅमेरा फालतू निघाला. कधीकधी तो असतोही फालतू. पण बऱ्याचदा तो जे करतो ते त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं, आणि त्या शिकवणीची गोष्ट बरीच जुनी आहे. ती कळली की बिघाड नेमका कुठे आहे ते शोधणं सोपं जातं. म्हणून आधी जंगलात जाऊ, मग घरी येऊ.

अमेरिकेत मिशिगन राज्यात व्हाइटफिश नावाचं एक तळं आहे. तिथे जॉर्ज शायरस नावाचा एक वकील शिकारीला जायचा. रात्री होडीच्या टोकाशी उजेड ठेवायचा, त्याने हरीण दिपून थबकलं की बार काढायचा, ही तिथल्या ओजिब्वे लोकांची पद्धत. १८८९ च्या सुमारास शायरसने बंदूक बाजूला ठेवली आणि तिच्या जागी कॅमेरा धरला. पुढे त्याला आणखी एक कल्पना सुचली. आपण तिथे असायलाच कशाला हवं? प्राण्याच्या वाटेवर तार ताणायची, तिचं दुसरं टोक कॅमेऱ्याला आणि मॅग्नेशियमच्या फ्लॅशला बांधायचं. प्राण्याचा धक्का लागला की भक्कन उजेड, आणि प्राण्याने स्वतःच स्वतःचा फोटो काढलेला! जुलै १९०६ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्याचे ७४ फोटो एका अंकात छापले. त्यावरून संस्थेच्या मंडळातले दोघे राजीनामा देऊन गेले, म्हणे हे मासिक आता चित्रांचं पुस्तक झालं. आज त्या मासिकाची ओळखच फोटोंवर आहे, हे जाता जाता.

आपल्याकडे हेच काम केलं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने, कुमाऊँच्या आणि तराईच्या जंगलात. त्याचं 'विथ अ कॅमेरा इन टायगर लँड' हे पुस्तक १९२७ चं. वाघाची ठरलेली वाट शोधायची, तार लावायची आणि निघून यायचं. आता यातली अडचण बघा. फ्लॅशची पूड एकदा उडाली की संपली. काच एकदा उजेडात आली की संपली. म्हणजे अख्ख्या रात्रीत एकच फोटो. संध्याकाळी सातला साळिंदराने तार ओढली, तर पहाटे येणारा वाघ अंधारातून आरामात निघून जाणार.

तुमच्या बॅटरीवरच्या कॅमेऱ्याची गोष्ट हुबेहूब हीच आहे. तो बघत नसतो. तो झोपलेला असतो, तारेला धक्का लागायची वाट बघत.

मग सतत बघणारे कॅमेरे कुठून आले? ते घराणंच वेगळं. १९४२ मध्ये जर्मनीतल्या पेनेम्युंडेला व्ही-२ रॉकेटची उड्डाणं लांबून, सुरक्षित जागेतून बघता यावीत म्हणून वॉल्टर ब्रुख या इंजिनिअरने टीव्ही कॅमेरे बसवले. ते घराच्या दारापर्यंत आणले न्यूयॉर्कमधल्या एका नर्सने. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, राहणार क्वीन्स. तिच्या आणि नवऱ्याच्या ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या, बऱ्याचदा ती घरी एकटी, आणि वस्तीत बोलावल्यावर पोलीस यायला उशीर. तिने आणि अल्बर्टने, तो इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ होता, १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला. २ डिसेंबर १९६९ ला पेटंट मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बोलायला माइक, मदत बोलवायला बटण, आणि ओळखीचं माणूस असेल तर खोलीतूनच दार उघडायची सोय. चार भोकं का? तर आलेला माणूस उंच असो की बुटका, त्याचा चेहरा दिसला पाहिजे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर दोन घराणी झाली. शायरसचं वाट बघणारं आणि ब्राउनचं सतत बघणारं. फोटो हुकतोय म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच: तुमचा कॅमेरा कुठल्या घराण्यातला? चार्ज करावा लागतो तो बहुतेक शायरसचा. चोवीस तास वायरला जोडलेला असतो तो बहुतेक ब्राउनचा.

शायरसवाल्यांची तार आता दिसत नाही. तिच्या जागी पीआयआर नावाचा छोटा सेन्सर असतो, पांढऱ्या घुमटासारख्या प्लास्टिकच्या मागे. तो उजेड बघत नाही, अंगातून निघणारी उष्णता बघतो. त्या घुमटावर बारीक रेघांच्या भिंगांचे तुकडे असतात आणि ते समोरच्या जागेच्या पट्ट्या पाडतात. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत उष्णता सरकली की सेन्सर म्हणतो, उठा! म्हणून कॅमेऱ्यासमोरून आडवा जाणारा माणूस लगेच पकडला जातो आणि सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येणारा उशिरा. आणि आपण कॅमेरा लावतो कुठे? बरोब्बर गेटकडे तोंड करून, जिथून माणूस सरळ चालत येतो. कॅमेरा जरा तिरपा लावा. नुसत्या एवढ्याने कितीतरी घरांची तक्रार मिटते.

त्यात जागं व्हायला वेळ लागतो. सेन्सरने हाक मारली की चिप उठणार, लेन्सचा उजेड जमणार, मग फोटो. यात एक सेकंद गेला असं धरा. माणूस साध्या चालीने सेकंदाला सव्वा मीटर जातो. तुमच्या दारासमोरची मोकळी जागा अडीच मीटर असेल तर तो निम्मी पार करून वळलासुद्धा. म्हणून पाठ. शिवाय एका फोटोनंतर कॅमेरा बॅटरी वाचवायला थोडा वेळ पुन्हा पडून राहतो, सेटिंगमध्ये त्याला कूलडाउन किंवा इंटरव्हल म्हणतात. चॅम्पियनचा कूलडाउन अख्ख्या रात्रीचा होता. तुमचा किती आहे, बघितलंय कधी?

आता विदर्भातल्या मंडळींसाठी खास. सेन्सरला फरक लागतो, माणूस आणि मागची भिंत यांच्या उष्णतेतला. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात भिंत तापत तापत माणसाच्या अंगाइतकी गरम झाली की सेन्सरच्या लेखी माणूस भिंतीत विरघळतो. कॅमेरा बिघडलेला नाही, बिचाऱ्याला काही दिसतच नाही. मागे सावलीतली भिंत येईल असा कोन शोधायचा, किंवा उन्हाळ्यापुरती संवेदनशीलता वाढवायची. आणि हो, पीआयआरचा कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवून 'काही पकडतच नाही' म्हणू नका. ती उष्णता काचेतून पलीकडे येतच नाही.

तपासायची रीत जंगलवाल्यांकडूनच घ्या. कॅमेरा ट्रॅप लावला की ते त्याच्यासमोरून चालून बघतात, गरज पडली तर चक्क रांगतात, कारण वाघाची उंची आपल्याएवढी नसते. तुम्हीही एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा सरळ चालत या, आणि प्रत्येक वेळी फोटो कुठे सुरू झाला ते बघा. सोसायटीतले लोक हसतील, हसू देत.

उलटी तक्रारही असते, नको तेच फोटो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले, ३,४८,५८,६२३ फोटो आले. त्यातले वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे साडेचारशेमागे एक. कामाचा फोटो मिळवायचा तर बिनकामाचे सोसावे लागतात, हे जंगलवाल्यांनी मान्यच करून टाकलंय. आपण काय करतो? मांजराला कंटाळून संवेदनशीलता इतकी खाली आणतो की माणूसही सुटतो. त्यापेक्षा ॲपमध्ये झोन आखा. रस्ता, झाडाची फांदी, वाळत घातलेले कपडे बाहेर ठेवा आणि पायवाट तेवढी आत.

वायरवाल्या ब्राउन घराण्यातले बरेच कॅमेरे उष्णता बघत नाहीत. आधीचं चित्र आणि आताचं चित्र यांची तुलना करतात. त्यामुळे बाइकचा हेडलाइट भिंतीवरून फिरला तरी त्यांना 'हालचाल' दिसते. पण त्यांच्याकडे एक मोठी सोय असते. काही सेकंदांचं चित्रण ते कायम हाताशी ठेवतात, म्हणून घटनेच्या आधीचंही मिळतं. 'प्री-रेकॉर्ड' असा पर्याय असेल तर चालू करा.

रात्रीचं प्रकरण वेगळंच. १८०० मध्ये विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा चढला! तोच इन्फ्रारेड. कॅमेऱ्याच्या कडेचे एलईडी रात्री तोच न दिसणारा उजेड फेकतात. हा तांबड्याला लागून असलेला इन्फ्रारेड, पीआयआरवाला त्याहून खूप पुढचा. म्हणून हा काचेतून जातो, पण काचेवरून उलटतोही. काचेआडचा कॅमेरा रात्री पांढराफटक होतो तो यामुळे. दिवसा लेन्समागे एक फिल्टर आडवा असतो, अंधार पडला की तो 'टिक्' करून बाजूला होतो. दिवसाचे फोटो गुलाबी-जांभळे यायला लागले, तर फिल्टर अडकलाय असं समजा. आणि पावसाळ्यात कोकणात जे होतं, की रात्रभर पांढऱ्या रेघा आणि धुरकट गोळे, ते भूत नाही. एलईडीच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी जाळं विणतो, आणि लेन्सपासून दोन बोटांवरचं जाळं सगळा उजेड परत फेकतं. आठवड्याला एकदा केरसुणी फिरवा. त्यापेक्षा पक्का उपाय म्हणजे कॅमेऱ्याचे एलईडी बंद करून थोडा लांब वेगळा दिवा लावायचा. किडे तिकडे जातात.

बरं, फोटो आला पण चेहरा ओळखूच येत नाही? १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये बूटल इथल्या शॉपिंग सेंटरमधून दोन मुलगे एका लहानग्याला हात धरून नेत असल्याचं चित्र कॅमेऱ्यात आलं. पुढे त्या लहानग्याचा खून झाल्याचं उघड झालं. सगळ्या देशाने ते चित्र पाहिलं, पण चेहरे म्हणजे नुसते धूसर ठिपके. त्यानंतर तिथे कॅमेऱ्यांची लाट आली, म्हणजे जे चित्र चेहरा दाखवू शकलं नाही त्यानेच कॅमेरे खपवले. आपला हिशोब करू. १९२० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा, ११० अंशांची लेन्स, माणूस चार मीटरवर. तिथे दृश्याची रुंदी होते साडेअकरा मीटरच्या जवळपास, म्हणजे मीटरला १७० पिक्सेल. अनोळखी माणसाची ओळख पटवायला प्रमाण मानलं जातं मीटरला २५०. अडीच मीटरवर तोच कॅमेरा २५० च्या वर जातो. तेव्हा 'सगळं अंगण दिसतं' याचं कौतुक करताना चेहऱ्याच्या वाट्याला काय उरलं ते बघा. कॅमेरा छताला टांगला तर टोपीच दिसणार. ब्राउनबाईंची चार भोकं आठवतायत ना?

साठवणुकीचं थोडक्यात. पूर्वी व्हिडिओ कॅसेटवर चोवीस तास मावावेत म्हणून मधली चित्रं गाळायचे आणि तीच कॅसेट पुन्हा पुन्हा वापरायचे, ती झिजायची. आज एसडी कार्डही तसंच झिजतं, फक्त आवाज करत नाही. ॲपमध्ये लाइव्ह छान दिसतंय आणि जुने फोटो मिळत नाहीत, तर आधी कार्डावर संशय घ्या. सतत रेकॉर्डिंगसाठीचं 'हाय एन्ड्युरन्स' कार्ड घ्या, आणि जत्रेत मिळणारं स्वस्त कार्ड नकोच.

शेवटचं म्हणजे घड्याळ, आणि यासाठी जालन्याला जाऊ. २०१४ ची विधानसभा. उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबर, दुपारी ३ पर्यंत. निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, आणि कैलास गोरंट्याल कोर्टात गेले: यांचे अर्ज तीननंतर दाखल झाले. ठरवणार कसं? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत-बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते. त्या चित्रणावर मोठा वाद झाला, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला कायद्याने लागणारं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवड रद्द केली. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने अपील फेटाळलं, पण नियम पक्का केला: मूळ उपकरण कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच, मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही मिळालं नाही, तर त्याला त्यातून सूट. आता १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते.

तुमच्या सायकलचं प्रकरण सुप्रीम कोर्टात जाणार नाही, मान्य. पण पंचनाम्याच्या वेळी पहिला प्रश्न वेळेचाच येतो. वीज गेली की कित्येक कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे पडतं, आणि टाइमझोन चीनचा राहिला असेल तर फोटोवरची वेळ अडीच तास पुढे. मग रात्री साडेअकराची चोरी दुसऱ्या दिवशी पहाटे दोनची होते, आणि ज्याच्यावर संशय आहे तो म्हणतो, दोन वाजता मी तर गाडीत होतो. म्हणून टाइमझोन +५:३० करा, वेळ इंटरनेटवरून आपोआप येईल असा पर्याय चालू ठेवा. आणि काही घडलंच तर फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून मूळ फाइल उडवू नका. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो, बारकावे जातात. कार्ड बाहेर काढा, कॅमेऱ्याने त्यावर पुन्हा लिहायच्या आत.