अनपेक्षिताचे शब्द : नांदेड-लातूरच्या मराठीतले

मनी-ध्यानी नसताना काही घडले की माणसाची जी अवस्था होते, ती सांगणारे शब्द. मराठीत यांचा साठा मोठा आहे आणि त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. काही शब्द माणसाकडे बोट दाखवतात, काही घटनेकडे, तर काही नुसते शरीराचे काय झाले ते सांगतात. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत या तिन्ही प्रकारचे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. 1993च्या भूकंपाने त्यांतला फरक जितका स्पष्ट केला, तितका कोणत्याही कोशाने केलेला नाही.

पहिला शब्द ‘गाफील’. मूळ अरबी, फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आलेला. ‘गफलत’ त्याच धातूपासूनचा. 17 सप्टेंबर 1948पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कचेरी उर्दूत चाले, शाळाही बऱ्याच अंशी उर्दूत. त्यामुळे हे शब्द इथे पाहुणे राहिले नाहीत. गाफील राहणे म्हणजे लक्ष द्यायला हवे होते तिथे न देणे. या शब्दात ठपका आहे. ‘बेसावध’मध्येही तो आहे, पण थोडा सौम्य. ‘गाफील राहिलास म्हणून बैल गेला’ असे म्हणताना बोलणारा चोराबद्दल कमी आणि मालकाबद्दल जास्त बोलत असतो.

‘हैराण’ची गोष्ट वेगळी. उर्दूत आणि नांदेड शहरात ऐकू येणाऱ्या दखनीत त्याचा अर्थ चकित, थक्क. मराठीत मात्र तो त्रासलेला, दमलेला. नांदेडच्या बाजारपेठेत एकच दुकानदार दोन गिऱ्हाइकांशी बोलताना हा शब्द दोन अर्थांनी सहज वापरतो आणि त्याची कुणाला अडचण होत नाही.

संस्कृतातून आलेले शब्द कागदावर जास्त आणि ओट्यावर कमी. ‘चकित’चा संस्कृतातला जुना अर्थ भ्यालेला, थरथरणारा असा होता, मराठीत भीती गळाली आणि नवल उरले. ‘विस्मय’ ज्या धातूपासून झाला तो स्मिताचा धातू. नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायी भाव म्हणून त्याला मानाची जागा आहे. ‘अवाक्’ म्हणजे वाचा गेलेला.

खरी श्रीमंती क्रियापदांत आहे. अचानक भांडे पडले की माणूस दचकतो. वाईट बातमीची चाहूल लागली की चरकतो. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा भाव ऐकून शेतकरी हबकतो. हबकण्यात धीर खचतो, दचकण्यात तो शाबूत असतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत पहिल्यांदा आलेले पोर भांबावते, कारण बघायचे कुठे हेच त्याला कळत नाही. साहेबाने एकदम प्रश्न टाकला की नवा कारकून गांगरतो. दुसऱ्याच्या करामतीने थक्क व्हावे, त्याच्या धिटाईने चाट पडावे. या शब्दांची अदलाबदल होत नाही, आणि कोशांत मात्र ते बरेचदा एकमेकांचे अर्थ म्हणून दिलेले सापडतात.

घटनेकडे बोट दाखवणारे शब्द शेतीतून आणि घरातून आले. ‘अवकाळी’ हे मुळात पावसाचे विशेषण, पण आता एकटेच नामासारखे वापरले जाते : ‘अवकाळीने हरभरा गेला’. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा रब्बीची पिके काढणीला आलेली होती. कधीच न ऐकलेले घडले की म्हाताऱ्या बायका ‘आक्रीत’ म्हणतात. ‘असं आक्रीत पाह्यलं न्हाई’ या वाक्यात कुणावरही दोष नाही.

किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. 6.2 तीव्रतेचा भूकंप, तोही जमिनीपासून फार खोल नाही. औसा तालुक्यातले किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले सास्तूर यांच्या परिसरातली 52 गावे उद्ध्वस्त झाली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, अशी घरे. उन्हाळ्यात थंड राहणारी ती बांधणीच माणसांवर कोसळली.

या लोकांना गाफील म्हणता येणार नाही. आदल्या वर्षी, 1992च्या ऑक्टोबरमध्ये, किल्लारीने लागोपाठ धक्के अनुभवले होते आणि तिथले लोक घाबरलेले होते. चकित झाले ते शास्त्रज्ञ. दख्खनच्या काळ्या पाषाणाखालचा हा भूभाग स्थिर समजला जाई आणि भूकंपाच्या नकाशात तो सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 1967च्या कोयना भूकंपाने या समजाला तडा गेला होता, पण तिथे धरणाच्या जलाशयाचे कारण पुढे आले. लातूरला तसे मोठे धरण नव्हते. 2002मध्ये नकाशा बदलला, पहिला विभाग दुसऱ्यात विलीन झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. ‘पायाखालची जमीन सरकणे’ हा वाक्प्रचार इतरत्र बोलण्याची लकब असेल. या पट्ट्यात तो जपूनच वापरावा.

त्या पहाटेसाठी गावकऱ्यांकडे जे शब्द होते ते शरीराचे : धक्का, हादरा. भूकंपाच्या धक्क्यालाही तोच शब्द आणि पोटचे पोर गेल्याच्या धक्क्यालाही तोच.

इंग्रजीतून आलेल्या दोन शब्दांनी अलीकडे या साठ्यात घर केले आहे. ‘शॉक’ इंग्रजीत आधी सैन्यांच्या टकरीसाठी वापरला जाई, ‘सरप्राईज’ शत्रूवर अचानक घातलेल्या छाप्यासाठी. मराठीत शॉक विजेच्या तारेतून आला. तो ‘लागतो’ तेव्हा बहुधा विजेचा असतो, ‘बसतो’ तेव्हा मनाचाही. सरप्राईज वाढदिवसाच्या केकबरोबर आले आणि मराठीत ते बहुतेक वेळा गोडच असते. अपवाद दोन. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा दवाखान्यात अधिकाऱ्याची ‘सरप्राईज व्हिजिट’, आणि ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणी वर्गांत होणारी ‘सरप्राईज टेस्ट’. या दोन्ही ठिकाणी शब्दाचा जुना, छाप्याचा अर्थ पुन्हा जिवंत झाला आहे, आणि या दोन्ही ठिकाणी ‘गाफील राहू नका’ हे बजावणेही योग्यच ठरते.