आखाडा आणि आराखडा

आपल्या हिंगोली-परभणीकडे जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. हलगी कडाडते, पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या होतात आणि मग मोठी जोड सुटते. जत्रा करून माणूस औंढ्याला गेला, तर नागनाथाच्या देवळापाशी काळ्या दगडाची घडण बघत उभा राहतो. अंगची ताकद आणि बांधकामाची अक्कल, दोहोंची पारख आपल्याकडे जुनी आहे. म्हणून आज एक मल्ल आणि एक वास्तुशिल्पी अशी जोडी घेतो. दोघांची गाठ कधी पडली की नाही, त्याला महत्त्व नाही. काळ मात्र एकच होता.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 1926 साली कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. घर कुस्तीचे, वडीलही पैलवान. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. हिंगोलीवर त्या वेळी निजामाची राजवट होती. ती सप्टेंबरात संपली. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे खाशाबा गादीवर लढत होते. आता ही गादी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत घटका घटका झुंजता येते, गादीवर घड्याळ चालते आणि गुण मोजतात. सारी सवय मातीची असूनही ते फ्लायवेट गटात सहावे आले.

1952 ला हेलसिंकीला जायचे तर पैसा नव्हता. गावोगाव वर्गणी जमवली गेली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. एका मास्तराने विद्यार्थ्याच्या कुस्तीपायी घर गहाण ठेवावे, ही गोष्ट मला पदकाहून लहान वाटत नाही. तिथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीशी झालेली लढत लांबली व ती ते हरले. मग पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, असे सांगतात. तरीही कांस्यपदक आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी 1996 पर्यंत, म्हणजे 44 वर्षे, थांबावे लागले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणुकीने पोट भरत नाही. खाशाबांनी आपल्याच नावाने कुस्त्या भरवल्या आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे गहाण घर सोडवले. 1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले.

दुसरे गृहस्थ अच्युत कानविंदे. जन्म 1916, कोकणातले आचरे गाव, वडील चित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकलेचे शिक्षण झाले. 1945 साली सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्डला धाडले. तिथे वॉल्टर ग्रोपियस हे गुरू लाभले. इमारतीने आपले काम आणि आपली घडण लपवू नये, ही त्या मंडळींची शिकवण. इकडे आल्यावर कानविंदे वैज्ञानिक संशोधन परिषदेचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. नव्या राष्ट्राला प्रयोगशाळा हव्या होत्या; पुढे अहमदाबादची कापड-संशोधन संस्था त्यांच्याच आराखड्यावर उभी राहिली. आणि 1955 सालीच, खाशाबा सरकारी नोकरीत शिरले त्या वर्षी, कानविंदे ती सोडून बाहेर पडले व शौकत राय यांच्याबरोबर दिल्लीत स्वतःचा व्यवसाय थाटला.

त्यांचे मोठे काम कानपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेचे. पहिले संचालक केळकर, म्हणजे तिथेही मराठी माणूसच! काँक्रीटचे खांब-तुळया उघड्या, मध्ये विटांच्या भिंती, गिलाव्याचा मुखवटा नाही. इमारती उंचावरच्या झाकलेल्या वाटांनी जोडल्या, म्हणजे कानपूरच्या उन्हात पोरांचं डोकं तापू नये. औंढ्याचा दगडही गिलावा मागत नाही. पुढे मेहसाण्याच्या दूध डेअरीत त्यांनी हवा खेळवणारे मनोरेच इमारतीचा चेहरा केले. 1974 साली ते पद्मश्री झाले.

खाशाबांच्या वाट्याला जिवंतपणी असा मोठा सन्मान आला नाही. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्त्यावरील अपघातात ते गेले. शिवछत्रपती पुरस्कार, अर्जुन पुरस्कार, सगळे मागाहून. कानविंदे 2002 पर्यंत जगले. 2010 साली दिल्लीच्या कुस्तीच्या क्रीडागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले.