अर्भकांवरील वैद्यकीय चाचणी : गडचिरोलीचा दाखला

अर्भकांवरील चाचणी : एखादे औषध, लस किंवा उपचारपद्धती बाळाला लागू पडते का आणि त्याला अपाय तर करत नाही ना, हे पाहण्यासाठी प्रत्यक्ष बाळांना सहभागी करून केलेला अभ्यास. मोठ्या माणसाच्या डोसाला वजनाने भागले की बाळाचा डोस निघतो, असे होत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत मूत्रपिंड, यकृत आणि प्रतिकारशक्ती यांची घडण चालूच असते. म्हणून बाळांवर चाचणीच नको असे ठरवले, तर पुढच्या प्रत्येक बाळाला औषध अंदाजाने द्यावे लागते. पण ज्याच्यावर चाचणी होते त्याला होय किंवा नाही म्हणता येत नाही. त्याच्या वतीने आई-बाप बोलतात, आणि आई-बापांपुढे कोणते पर्याय होते, हा प्रश्न मग टाळता येत नाही. महाराष्ट्रात हा पेच सर्वांत स्पष्ट दिसला तो गडचिरोलीत.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिचे ठाणे पुढे धानोरा रस्त्यावरील शोधग्राम येथे झाले. संस्थेची पहिली मोठी बालचाचणी न्यूमोनियाची होती. ५८ गावांत दाया आणि गावातलेच आरोग्यसेवक बाळाचा न्यूमोनिया ओळखून कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देत. ४४ गावे तुलनेसाठी होती. निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने श्वास मोजायचे कसे? त्यासाठी एक साधी चौकट केली गेली : मध्ये एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यासाठी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. पोट उडणाऱ्या बाळापुढे बसून दाई हे करी. बाळांसाठी केलेल्या संशोधनाचा पहिला नैतिक गुण मला या चौकटीत दिसतो : ज्ञान जिच्या हाती द्यायचे, तिला येते तिथून सुरुवात केली गेली.

नवजात बाळांची चाचणी १९९३ मध्ये सुरू झाली. ३९ गावांत उपक्रम, ४७ गावे तुलनेची; दोन्हीकडे मिळून लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, त्यामुळे शास्त्रीय काटेकोरपणावर आक्षेप आले आणि ते रास्त होते. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवले गेले. बाळंतपणाला दाईबरोबर हजर राहायचे, बाळाचे वजन करायचे, त्याला ऊब द्यायची, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा आणि महिनाभर घरी फेऱ्या घालायच्या.

त्यातले एक वर्ष, १९९५-९६, मुख्यतः निरीक्षणाचे होते. ७६३ नवजात बाळांच्या नोंदी झाल्या. निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. इस्पितळात दाखल झाली ०.४ टक्के. आजार डोळ्यांपुढे असताना संशोधकाने किती काळ नुसते पाहत राहावे, हा प्रश्न या आकड्यांतच आहे. पण हे आकडे कुणी मोजलेच नसते, तर गावागावांतून घरी दगावणारी बाळे सरकारी नोंदीत ‘नाहीत’च राहिली असती. सर्चच्या पुढाकाराने राज्यातील बालमृत्यू मोजणारा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ मध्ये निघाला, तेव्हा नोंदींतली ही गळती साऱ्या राज्यापुढे आली.

पुढच्या टप्प्यात वादाचा खरा मुद्दा आला : जंतुसंसर्ग झालेल्या नवजाताला आरोग्यदूताने घरी जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यावे का? त्या काळचा जागतिक नियम सरळ होता, अशा बाळाला इस्पितळात दाखल करा. जेंटामायसिन मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करू शकते. कमी दिवसांच्या बाळात डोस आणखी जपून द्यावा लागतो. दुसऱ्या पारड्यात होता गडचिरोलीचा पावसाळा : ओढे चढलेले, एसटी बंद, आणि बाळंतीण घराबाहेर न पडण्याची रीत. आरोग्यदूताला काही ढोबळ खुणा शिकवल्या होत्या : दूध ओढायचे थांबले, रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार लागते किंवा तापले आहे, पोट फुगले किंवा उलटी होते, छाती आत ओढली जाते, बेंबीत पू झाला. यांतल्या दोन एकत्र दिसल्या की आई-बापांना आधी सांगायचे, दवाखान्यात न्या. ते नाही म्हणाले, तरच त्यांची लेखी संमती घेऊन घरी उपचार.

ही संमती कितपत स्वेच्छेची? मांडीवर निपचित पडलेले बाळ आणि समोर सिरिंज हातात घेतलेली ओळखीची बाई असताना कागदावर उठवलेला अंगठा ही पूर्ण मोकळी निवड नव्हे. तरी ती संमती पोकळ होती असेही मला वाटत नाही, कारण विचारणारी बाई त्याच गावची होती. बाळ दगावले, तर दुसऱ्या दिवशी पाण्याला तिला त्याच विहिरीवर जायचे होते. चाचणी करणाऱ्याला कुणापुढे तोंड दाखवावे लागते, हे संमतीपत्रातल्या कित्येक कलमांपेक्षा मोलाचे.

निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. उपक्रमाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. जंतुसंसर्ग झालेल्यांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्के झाले.

तुलनेच्या गावांना अंगणवाडी, उपकेंद्र या नेहमीच्या सेवा मिळतच होत्या. कुणाच्या हातून काही काढून घेतलेले नव्हते. तिथे जन्म-मृत्यू मोजले जात. पण ही मोजणी २००३ पर्यंत चालली, आणि २००१-०३ मध्ये उपक्रमाच्या गावांत हजारी २५ बाळे दगावत असताना तुलनेच्या गावांत ६४ दगावत होती. १९९९ नंतर उत्तर ठाऊक होते. त्यानंतरची चार वर्षे या गावांतल्या बाळांचे देणे कुणाकडे होते? एका संस्थेची माणसे आणि पैसा मर्यादित होता. माझ्या मते त्या दिवसापासून हे देणे मुख्यतः शासनाचे झाले. मात्र उत्तर मिळाल्यावर तुलनेच्या गावांचे काय, हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवायला हवे, हा धडा गडचिरोलीतूनच निघतो. अशा, गावेच्या गावे घेऊन होणाऱ्या समूहचाचण्यांची नैतिक तत्त्वे मांडणारे ओटावा निवेदन २०१२ मध्ये आले, बरेच उशिरा.

लसीच्या चाचणीत पेच आणखी कठीण असतो, कारण तिथे लस निरोगी बाळाला दिली जाते. पुणे जिल्ह्यातील वढू येथे, तसेच दिल्ली व वेल्लोरला, २०११-१२ मध्ये रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची चाचणी झाली. ६,७९९ बाळे, वय सहा-सात आठवडे. तिघांत दोघांना लस, एकाला प्लासिबो, म्हणजे लस नसलेला दिखाऊ डोस. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच रोटाव्हायरस लसींची शिफारस केली होती, मग प्लासिबो का, असा आक्षेप आला. उत्तर असे होते की त्या लसी महाग होत्या, देशाच्या लसीकरणात नव्हत्या आणि इथल्या बाळांत किती चालतील हे माहीत नव्हते. संघटनेच्या तज्ज्ञगटाने पुढे अशा काही परिस्थितींत प्लासिबो मान्य केला. दुसरा आक्षेप आतड्यात आतडे अडकण्याच्या धोक्याचा होता. याच कारणाने अमेरिकेत एक रोटा लस १९९९ मध्ये मागे घेतली गेली होती. केंद्रनिहाय आकडे उघड करा ही मागणी न्यायालयापर्यंत गेली. ज्यांची बाळे चाचणीत होती, त्यांना तरी ते आकडे मागण्याचा पूर्ण हक्क होता असे माझे मत आहे. लसीची परिणामकारकता पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के निघाली, आणि २०१६ पासून ती सरकारी लसीकरणात आली; म्हणजे चाचणीचे फळ देशातल्याच बाळांच्या पदरात पडले.

नियम नंतर घट्ट झाले. मुलांवरील संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे २०१७ ची आहेत; नवी औषधे व चाचण्यांचे नियम २०१९ चे, त्यांत इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे.

गडचिरोलीची पद्धत २०११ मध्ये देशभरातील ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांकडे आली : जन्मापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी सहा-सात फेऱ्या. चाचणीत ज्या सुईवर सर्वाधिक वाद झाला, ती मात्र आशांना दिली गेली नाही. जेंटामायसिन ठरावीक परिस्थितीत देण्याची मुभा २०१४ मध्ये एएनएमना, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांना मिळाली. इस्पितळात नेणे शक्य नसेल, तर अशा बाळावर बाहेरच उपचार करावेत हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले. आशाच्या पिशवीत आज थर्मामीटर, घड्याळ आणि वजनकाटा असतो. जंतुसंसर्गाच्या खुणा ती ओळखते, आणि मग एएनएमला फोन लावते.