शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

गुंद हे जोयडा तालुक्यातील सुपारीच्या बागांचे गाव. काळी नदीच्या खोऱ्यातील दाट रान त्याला चहूबाजूंनी वेढून आहे. आपल्या जिल्ह्यातील बागाईतदाराचे आणि रानाचे नाते जुने. बागेला लागणारा पालापाचोळा रानातून येतो आणि तो गोळा करण्यासाठी गडीमाणसे थंडी सरता सरता रानात शिरतात. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे मार्गशीर्ष-पौषापासून वैशाखापर्यंत, वाळल्या पानांत गोचिडीची पिल्ले बुजबुजलेली असतात. जिल्ह्याच्या ज्या गावांत माकडतापाचे भय आहे, तेथे आशा कार्यकर्त्या अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या घेऊन घरोघर फिरतात. हे दृश्य पाहताना एक साधा प्रश्न आमच्या मनात येतो. पायवाटेच्या कडेचे गवत तुडवीत येणाऱ्या त्या बाईने स्वतःच्या हातापायांना तेल लावले आहे की नाही, हे पाहणारे कोणी आहे काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, परंतु त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आजाऱ्याची सेवा हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आणि ते योग्यच आहे. मात्र एखाद्या कामाला पुण्य म्हटले, की ते करणाऱ्याच्या जिवाचा हिशेब मांडण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. सेवा करणाऱ्याचा गौरव झाला, संरक्षण मात्र फार उशिरा आणि तेही तुटपुंजे झाले.

या इतिहासाचा आरंभ प्लेगपासून करणे उचित ठरेल. 1896 साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. फुले दांपत्याचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ हडपसरच्या परिसरात, ससाणे मळ्यात, रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेथे स्वतः राबत होत्या. मुंढव्याकडील वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पुढे त्यांनाच प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. यशवंत यांचाही अंत 1905 साली प्लेगच्याच रुग्णांची सेवा करीत असताना झाला.

हे बलिदान आपण नेहमी सांगतो. परंतु त्यातील एक बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही. प्लेगचा जंतू 1894 साली हाँगकाँग येथे सापडला होता, पण तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ याने कराचीत दाखवून दिले ते 1898 साली. म्हणजे सावित्रीबाई त्या मुलाला पाठीवर घेत होत्या, तेव्हा आपण नेमक्या कोणत्या धोक्याला सामोरे जात आहोत हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. अज्ञानाच्या त्या काळात धैर्य हेच एकमेव साधन होते. ज्ञान आल्यानंतर मात्र केवळ धैर्यावर विसंबणे हा अपराध ठरतो.

त्याच वर्षी सरकारने काय केले, तेही पाहू. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. कलमे अवघी चार. आपला उत्तर कन्नड जिल्हा 1862 पासून 1956 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. त्यामुळे पुण्या-मुंबईत जो कायदा, तोच कारवार-सुप्यात. त्या कायद्याने सरकारला झडतीचे आणि विलगीकरणाचे अधिकार दिले आणि सद्हेतूने काम करणाऱ्या व्यक्तीवर दावा चालणार नाही, अशी ढाल पुरविली. ही ढाल कोर्टकचेरीपासून होती, रोगापासून नव्हती. रुग्णाला उचलणाऱ्या, त्याचे कपडे धुणाऱ्या, प्रेत वाहणाऱ्या माणसाने काय घालावे, किती तास राबावे, तो आजारी पडला तर त्याच्या घराने काय खावे, याविषयी त्या चार कलमांत अक्षर नाही. या कायद्यात आरोग्यसेवकांच्या जिवाचा विचार आला तो 2020 साली, कोरोनाच्या साथीत, ठिकठिकाणी त्यांच्यावर हल्ले झाल्यानंतर. 22 एप्रिल 2020 च्या वटहुकमाने अशा हल्ल्यास तीन महिने ते पाच वर्षे आणि गंभीर दुखापत झाल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. एवढी ओळ लिहिण्यास आपल्याला 123 वर्षे लागली.

मधल्या काळात आपल्याच दाराशी एक धडा गिरवला गेला होता. मार्च 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ रानात जाणारी माणसे तापाने फणफणली. प्रथम पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे लोक धावून आले. रोगाचा विषाणू निराळाच निघाला आणि त्याचा वाहक गोचीड असल्याचे आढळले. कन्नडमध्ये ज्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात आणि कोकणात माकडताप, तो हाच. तो माणसाकडून माणसास होत नाही, हे सुदैव. तथापि शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात आणि बरा झालेलाही कित्येक आठवडे उभा राहू शकत नाही. या रोगाचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळांतील काही कर्मचाऱ्यांनाही तो जडला. म्हणजे रानात पाऊल न टाकलेला, नळीतील नमुना हाताळणारा मनुष्यही सुरक्षित नव्हता. अशा घातक विषाणूंसाठी सर्वोच्च सुरक्षेची बंदिस्त प्रयोगशाळा पुण्यात उभी राहिली, ती 2012 साली.

ती उभी राहण्याच्या आदल्याच वर्षी, जानेवारी 2011 मध्ये, गोचिडीपासूनच येणारा पण माणसाकडून माणसास होणारा क्रायमियन-काँगो ज्वर अहमदाबादेत प्रकटला. रुग्णापाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका दोघेही गेले. रोगाचे नाव कळण्याआधीच सेवेकरी गेला, ही प्लेगच्या काळची कथा पुन्हा घडली. यातून एकच नियम निघतो. निदान होण्याची वाट न पाहता, प्रत्येक रक्त आणि प्रत्येक स्राव धोक्याचा मानून हातमोजे घालायचे. हा नियम शौर्याचा नसून सवयीचा आहे आणि सवय लागण्यासाठी मोजे हाताशी असावे लागतात.

येथे आम्हास स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. सरकारी सेवेत असताना एका कचेरीत आमच्या टेबलावर एक मागणीपत्र आले होते. मेलेली माकडे उचलण्यासाठी रानात जाणाऱ्या माणसांना गमबूट, जाड हातमोजे आणि तेल हवे होते. रक्कम मोठी नव्हती. आम्ही तीवर ‘तूर्त निकड दिसत नाही, पुढील तरतुदीत विचार व्हावा’ असा शेरा मारला आणि फाईल खाली सरकविली. त्याच हंगामात त्यांपैकी एक जण तापाने अंथरुणास खिळला. तो माकडतापच होता की अन्य काही, याचा निर्णय झाला नाही आणि तो वाचला. पण दीड महिन्याने तो कचेरीत आला, तेव्हा जिना चढताना मध्येच बसला. आम्हास त्याने एक शब्दही विचारला नाही. तो शेरा आमच्याच अक्षरात होता, याची त्यास कल्पनाही नसावी. निवृत्तीनंतर पुष्कळ गोष्टींचा विसर पडला. तो जिना मात्र आठवतो.

आज माकडताप शिमोग्यापुरता उरलेला नाही. 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली गावी काजूच्या बागेत राबणाऱ्यांना, तर 2016 मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गाकडे त्याने गाठले. 2024 मध्ये आपल्या जिल्ह्यातील सिद्दापूर तालुक्यात त्याने बळी घेतले. पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक ठरत नसल्याने 2022 मध्ये ती थांबविण्यात आली. तेव्हा तूर्त हाती उरते ते तेल, अंगभर कपडे, रानातून परतल्यावर गरम पाण्याने स्नान आणि ताप आल्याबरोबर रक्ततपासणी. बागाईतदाराने गड्याला पाल्यासाठी धाडताना ही चार साधने पुरविणे, हा उपकार नसून मजुरीचाच भाग होय.

शेवटी घराकडे वळू. आपल्या जुन्या घरांतील मुले पुण्या-बंगळुरास गेली. माजघरात वृद्ध आईवडील आणि त्यांचे करण्यास ठेवलेली एखादी बाई, असे चित्र आता जागोजागी दिसते. ही बाई अंथरुणाला खिळलेल्या देहाला दिवसातून दहा वेळा उचलते, इन्सुलिनच्या सुया टोचते, रात्री तीनदा उठते. तिच्या पाठीचे दुखणे हा घरातील कोणाच्या चर्चेचा विषय नसतो. वापरलेली सुई झाकणाच्या जाड डब्यात टाकावी, काविळीच्या ‘ब’ प्रकाराची लस तिला द्यावी, उचलण्यास दुसरा हात असावा, आठवड्यातून एक दिवस आणि रोज सलग काही तास झोप मिळावी, एवढ्याने पुष्कळ भागते. यांपैकी एकही गोष्ट खर्चिक नाही. थकलेल्या हातून औषधाची मात्रा चुकते, चिडलेल्या तोंडून रुग्णास बोल लागतात. तेव्हा तिची काळजी घेणे हे आपल्या आईवडिलांचीच काळजी घेणे आहे.

16 जानेवारी 2021 रोजी देशात कोरोनाची लस देण्यास आरंभ झाला, तेव्हा पहिला मान आरोग्यसेवकांना मिळाला. सेवा करणाऱ्याला आधी वाचवावे, म्हणजे तो इतरांस वाचवील, हा विचार त्या दिवशी सरकारदरबारी मान्य झाला. तो आपल्या माजघरात आणि बागेत मान्य व्हावा, यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आमच्याप्रमाणे ‘तूर्त निकड दिसत नाही’ असा शेरा मात्र कोणी मारू नये.