अनाहूत ई-मेल (स्पॅम)

अनाहूत ई-मेल : प्राप्तकर्त्याने मागणी केलेली नसताना एकाच मजकुराची, असंख्य पत्त्यांवर एकदम पाठविली जाणारी इलेक्ट्रॉनिक पत्रे. यांनाच ‘स्पॅम’ म्हणतात. हे मूळचे हॉर्मेल या अमेरिकन कंपनीने १९३७ मध्ये विक्रीस आणलेल्या डबाबंद मांसाचे नाव होय. ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीच्या १९७० मधील एका दूरचित्रवाणी प्रवेशात हा शब्द इतक्या वेळा उच्चारला जातो की, बाकीचे संभाषण त्यात बुडून जाते. त्यावरून तो नकोशा संदेशांच्या भडिमारास लावण्यात आला.

कारणे : छापील जाहिरात टपालाने पाठविताना कागद व तिकीट यांचा खर्च जाहिरातदारास सोसावा लागतो. ई-मेलच्या बाबतीत हा हिशोब उलटा होतो. लाखभर पत्रे पाठविण्यास प्रेषकास नगण्य खर्च येतो. ती साठविण्याचा भार सेवा पुरविणाऱ्या संस्थेवर, तर ती निवडून टाकण्याचा प्राप्तकर्त्यावर पडतो. त्यामुळे लाखात एखादा ग्राहक मिळाला, तरी प्रेषकास ते परवडते. दुसरे कारण रचनेतच आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये सिद्ध केलेला ई-मेल वहनाचा ‘एसएमटीपी’ हा नियमसंच प्रेषकाच्या नावाची शहानिशा करीत नाही. पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार आहे. संशोधनसंस्था व विद्यापीठे यांच्या मर्यादित वर्तुळात हा विश्वास पुरेसा होता.

इतिहास : पोस्टेल यांनीच नोव्हेंबर १९७५ मध्ये एका टिपणात, नको असलेले संदेश नाकारण्याची सोय संगणकजालात नाही, याकडे लक्ष वेधले होते. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थुर्क यांनी ‘अर्पानेट’ या अमेरिकन संगणकजालावरील सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठविले. सरकारी जालाचा हा व्यापारी वापर आक्षेपार्ह ठरून त्यांना समज देण्यात आली. हे पत्र पहिले स्पॅम मानले जाते. एप्रिल १९९४ मध्ये दोन अमेरिकन वकिलांनी ‘यूझनेट’वरील हजारो चर्चागटांत आपल्या सेवेची जाहिरात टाकली. तीव्र निषेध होऊनही त्यांनी माघार घेतली नाही, आणि शिष्टाचाराच्या बळावर हा प्रकार रोखता येणार नाही हे स्पष्ट झाले.

प्रतिबंधक उपाय : १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी उपद्रवी संगणकांची सामायिक निषिद्ध यादी सुरू केली. १९९८ मध्ये ‘स्पॅमहाउस’ ही संस्था निघाली. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम यांनी पत्रातील शब्दांवरून संभाव्यता काढणाऱ्या गाळणीचा पुरस्कार केला. वापरणारा नको ती पत्रे जसजशी वेगळी काढतो, तसतशी ही गाळणी शिकत जाते. नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘मॅककोलो’ या एका कंपनीची जोडणी तोडताच जगभरातील स्पॅम एकाएकी निम्म्याहून कमी झाले, परंतु काही महिन्यांतच ते पूर्ववत वाढले. प्रेषकाची ओळख पटविणाऱ्या ‘एसपीएफ’, ‘डीकेआयएम’ व ‘डीमार्क’ या पद्धती त्यानंतर रूढ झाल्या.

कायदे : यूरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशाने जाहिरातीपूर्वी प्राप्तकर्त्याची संमती सामान्यतः आवश्यक ठरविली. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने मात्र संमतीची अट घातली नाही. खरा विषय, टपालाचा पत्ता व नकार कळविण्याची सोय देणे आणि नकार दहा कामकाजी दिवसांत अंमलात आणणे एवढेच बंधनकारक केले. कॅनडाचा २०१४ पासून लागू झालेला कायदा संमतीवर आधारलेला आहे. भारतात केवळ ई-मेल स्पॅमसाठी स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ मध्ये त्रासदायक ई-मेलचा उल्लेख होता. तथापि त्यातील शब्दयोजना संदिग्ध असून अभिव्यक्तिस्वातंत्र्यास बाधक आहे, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी ते रद्द केले. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमतीस मध्यवर्ती स्थान आहे.

प्रेषक व प्राप्तकर्ता यांची जबाबदारी : फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रेषकांना ओळखीचा पुरावा आणि एका कळीसरशी नाव काढण्याची सोय सक्तीची केली, स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०·३ टक्क्याखाली ठेवण्याचीही अट घातली. म्हणून व्यापाऱ्याने विकत घेतलेल्या याद्या न वापरता स्वतः होऊन पत्ता देणाऱ्यांनाच लिहावे व नकार तत्काळ मानावा, हे आता सभ्यतेइतकेच व्यवहाराचेही तत्त्व झाले आहे. प्राप्तकर्त्याने आपला पत्ता सर्वत्र उघड करू नये. अनोळखी पत्रास उत्तर देऊ नये, कारण उत्तराने पत्ता वापरात असल्याचे प्रेषकास कळते. अशा पत्रावर स्पॅमची खूण करावी.

या बंदोबस्ताची किंमतही मोजावी लागते. गाळणीत कधीकधी हवे असलेले पत्र अडकते, आणि स्वतःचा सर्व्हर चालविणाऱ्या लहान प्रामाणिक संस्थांची पत्रे मोठ्या सेवांकडून नाकारली जातात. कोणीही कोणासही परवानगीवाचून लिहू शकतो, हे ई-मेलचे मूळ सामर्थ्य होते. त्याच मोकळेपणाचा गैरफायदा घेतला गेल्याने टपालाचे हे खुले क्षेत्र मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या पहाऱ्याखाली आले आहे.