अण्णा अचानक लठ्ठ झाले

जळगाव जामोदच्या माणसाला जन्मभर एक खुलासा करत राहावं लागतं. "जळगाव म्हणजे केळीवालं का हो?" "नाही, ते खानदेशातलं. आमचं बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. नांदुऱ्याला उतरून यायचं." म्हणून २००१ साली बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटसाठी मी 'विवाहस्थळ : जळगाव जामोद' अशी अक्षरं केली, तेव्हा 'जामोद' लाल रंगात, ठसठशीत, पार उजव्या कडेला नेऊन बसवलं. टीव्हीवर पाहतो तो जामोद गायब! जुन्या टीव्हीच्या चौकटीआड चित्राची कड झाकली जायची, म्हणून जाणकार लोक अक्षरांभोवती चहूबाजूंनी दहावा हिस्सा मोकळा सोडत. मी जाणकार नव्हतो. लग्न खानदेशात लागलं.

हे काम माझ्या गळ्यात पडलं याचं कारण, व्हिडिओवाल्याच्या मिक्सरमध्ये बदाम होते, गुलाब होते, उडती कबुतरं होती. मराठी अक्षरं मात्र नव्हती. तेव्हा फोटोशॉपमध्ये श्रीलिपीनं मजकूर लिहायचा, त्याचं चित्र करायचं आणि ते लग्नावर चिकटवायचं. आता वाचकांना वाटेल, हे संगणकाचं नवं खूळ. पण या धंद्याचं मूळपुरुषत्व आपल्या त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांकडे जातं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली पात्रं बोलत नसत. मधेमधे इंग्रजी-हिंदी अक्षरांच्या पाट्या येत. पाटी रंगवायची, कॅमेऱ्यापुढे धरायची, आणि तेवढ्यापुरतं राजानं दम घ्यायचा. फाळके आधी फोटोग्राफी आणि ठसे करण्याच्या धंद्यात मुरलेले, म्हणून त्यांना ते जमलं. पुढे आमच्यासारख्या गावांतल्या टॉकीजमध्ये काचेवर काजळी धरून सुईनं 'शांतता राखा' असं कोरत आणि तो उजेड पडद्यावर सोडत. पब्लिक ते मोठ्यांदा वाचून दाखवी.

फोटोशॉपचा जन्मही सिनेमाच्या ओसरीवरच झाला. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात थॉमस नॉल नावाचा विद्यार्थी १९८७ साली पीएच. डी. करायची सोडून (आपल्याकडेही पुष्कळजण हेच करतात) संगणकावर करड्या छटांची चित्रं दिसावीत म्हणून खटपट करत होता. वडील प्राध्यापक आणि फोटोचे शौकीन. घराच्या तळघरात त्यांची डार्करूम. धाकटा भाऊ जॉन सिनेमाच्या चमत्कारांच्या कंपनीत नोकरीला. त्यानं ते पाहिलं आणि दोघांनी मिळून त्याचं हत्यार केलं. १९९० च्या फेब्रुवारीत अॅडोबीनं ते बाजारात आणलं. एकावर एक पारदर्शक थर रचायची सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. ती नसती तर माझी छाती झाली नसती.

कारण आईची अट होती : कॅसेटच्या सुरुवातीला अण्णा दिसले पाहिजेत.

अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचा धड फोटो एकच, शाळेतल्या मास्तरांचा ग्रुप. त्यातून माउसनं अण्णांची कड कापत मी तीन रात्री काढल्या. त्यातली दीड भारनियमनात गेली. टोपीच्या टोकापाशी दिवे गेले की पुन्हा कानापासून सुरुवात! अखेर अण्णा मोकळे झाले, मागे झेंडूचा हार आला, आणि आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे नोहेत तुहे अण्णा. त्यायले कधी एवढं जेवायलेच नाही भेटलं."

मी चपापलो. नीट पाहिलं, तर अण्णा खरोखरच फुगले होते. पुढे उलगडा झाला. १९८२ साली जगभरच्या टीव्हीवाल्यांनी एक तह केला. अमेरिकेच्या ओळी ५२५, युरोपच्या नि आपल्या ६२५; तरी दोघांनी एका ओळीत ठिपके मात्र ७२० च धरायचे. तहात कुणाचं तरी नुकसान होतंच. इथे ठिपक्यांचं झालं. संगणकाचा ठिपका चौकोनी, टीव्हीचा आडवा पसरलेला. ७२० बाय ५७६ मध्ये काढलेला माणूस आपल्या टीव्हीवर शेकडा सातच्या आसपास रुंद होतो. हीच चूक अमेरिकेत केली तर माणूस बारीक होतो. सुबत्तेचा असा उलटा हिशेब मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मला, व्हिडिओवाल्याला, शेजारच्या तिघांना ती शेकडा सातची सूज दिसली नव्हती.

उपाय सोपा निघाला. चित्र ७६८ रुंदीचं काढायचं आणि शेवटी दाबून ७२० करायचं. मग संगणकावर अण्णा आजारातून उठल्यासारखे दिसत, टीव्हीवर अगदी अण्णा. हा फरक स्वतःच सांभाळणारं फोटोशॉप २००३ मध्ये आलं. तोवर बहिणीला मुलगा झाला होता.

दुसऱ्यांदा कॅसेट लावली. आईनं पदर सावरला. मी घाईघाईनं कबुली दिली, की अण्णांच्या खांद्यावर चार बोटं राहिली आहेत. शेजारी उभ्या मास्तरांनी फोटोच्या वेळी हात ठेवला होता, तो कापताना बोटं उरली. शिक्क्याच्या हत्यारानं बाजूचा कोट त्यांवर उमटवला की जातील, पाच मिनिटांचं काम.

"राहू दे," आई म्हणाली. "त्यायले एकट्यानं उभं राहायची सवय नव्हती."

कॅसेटची पुढे सीडी झाली, सीडीची आता मोबाइलवर फाइल झाली आहे. जामोद कडेवरून आत घेतलं. बोटं आहेत.