वाघ-बकरीचा पट

बुद्धिबळाचें माहात्म्य सुशिक्षित वाचकांस सांगावयास नको. परंतु जमिनीवर चार रेघा ओढून, खड्यांनीं व चिंचोक्यांनीं खेळावयाच्या वाघ-बकरीकडे मात्र आम्ही पोरखेळ म्हणून पाहतों. ही उपेक्षा न्याय्य नव्हे. बुद्धिबळ हें समबल राजांचें युद्ध; वाघ-बकरी हें विषमबलांचें. आणि इतिहासांत समबलांचे सामने थोडे, विषमबलांचेच फार.

या खेळाचीं भावंडें दूरवर पसरलेलीं आहेत. तामिळ मुलखांत ‘आडु पुलि आट्टम्’ या नांवानें ३ वाघ व १५ बकऱ्या यांचा डाव मांडतात. युरोपांत एक कोल्हा व १३ हंस यांचा असाच खेळ आहे. हॅरल्ड मरे यांनीं इ. स. १९५२ च्या आपल्या इतिहासग्रंथांत अशा खेळांस शिकारीच्या खेळांचा निराळा वर्गच दिला. त्यांत नेपाळचा ‘बाघचाल’ आम्हांस सर्वांत रेखीव वाटतो.

त्याच्या पटावर पांच उभ्या व पांच आडव्या रेषा आणि कांहीं तिरप्या; त्यांचे २५ बिंदु. चार कोपऱ्यांवर ४ वाघ आरंभींच बसतात. २० बकऱ्या हातांत असतात. बकरीवाल्यानें दर पाळीस एक बकरी रिकाम्या बिंदूवर ठेवावी. वाघवाल्यानें एक वाघ रेषेवरून शेजारच्या बिंदूवर न्यावा. सर्व बकऱ्या पटावर येईपर्यंत एकीसहि हलतां येत नाहीं. बकरीच्या पलीकडचा, त्याच सरळ रेषेंतील बिंदु मोकळा असेल तर वाघ उडी मारून तिला खातो. भरलेला असेल तर ती वांचते. पांच बकऱ्या खाल्ल्या कीं वाघ जिंकले. चारी वाघ कोंडले कीं बकऱ्या जिंकल्या.

खेळण्याची नीति यांतूनच निघते. कडेच्या बकरीवर कडेकडेनेंच उडी पडते. म्हणून प्रथम कडा धरावी, मध्याची घाई करूं नये, व एकीच्या पाठीशीं दुसरी ठेवावी. वाघानें मध्य सोडूं नये. तेथून आठ वाटा फुटतात, कोपऱ्यांतून तीनच.

हा तोल किती अचूक आहे, हें लिम यू जिन व युर्ग नीव्हरगेल्ट या संगणकशास्त्रज्ञांच्या इ. स. २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधानें दाखविलें : दोन्ही पक्ष निर्दोष खेळल्यास डाव बरोबरींत सुटतो. पट आंखणाऱ्या अज्ञात पूर्वजांस गणकयंत्र ठाऊक नव्हतें. दुबळ्यांची संख्या व बलिष्ठांची झेप मात्र त्यांनीं नीट पारखली होती.

बकरी कोणासहि मारीत नाहीं. ती केवळ जागा अडविते. इ. स. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत निःशस्त्र समुदायानें सत्तेशीं असाच डाव मांडला, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु साम्य फार ताणूं नये. पटावरच्या वीसहि बकऱ्या एकाच बुद्धीनें चालतात, आणि चार गमावूनहि डाव जिंकतां येतो, असा हिशेब खेळणारा सहज करतो. इतिहासांत प्रत्येकीस स्वतःचें भय व स्वतःची बुद्धि असते. त्या चारांत आपण असूं काय, हा प्रश्न तिला पडतोच. तरीहि ती शेजारणीच्या पाठीशीं उभी राहते, तेव्हां जें घडतें त्यास कोणताहि पट पुरत नाहीं.